रेडियमवाल्याला विचारा!

हल्ली कुठलंही नवं ॲप उघडा. काळीकुट्ट स्क्रीन आणि तिच्यावर गुलाबी-निळी झगमग रोषणाई. डिझाइनरला विचारलं की उत्तर तयारच असतं, "रेट्रो लुक आहे सर!"

अरे पण कोणाचं रेट्रो? १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा आपल्याकडे बहुतेक घरांत टीव्हीच नव्हता. तो गुलाबी सूर्यास्त, ती नारळाची झाडं, ते जांभळं आकाश सगळं मायामीचं. आपल्या पिढीपर्यंत ते पोचलं 'व्हाइस सिटी'तून. गेम २००२ चा, गोष्ट १९८६ ची, आणि आपण तो खेळलो नेटकॅफेत तासाचे पैसे मोजून. म्हणजे ही दुसऱ्याच्या आठवणीची आठवण! बरं, सायन आणि मॅजेंटा ही जोडी तरी कोणी हौसेनं निवडली होती का? १९८१ च्या आयबीएमच्या सीजीए कार्डावर ग्राफिक्स मोडमध्ये एका वेळी चारच रंग मिळायचे. काळा, पांढरा आणि हे दोन हा त्यातला एक संच. तेव्हाची ती अडचण होती, आता तिची फॅशन झाली.

असो. गेमच्या पोस्टरवर निऑन असेल तर माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते वीजबिल, बँक, दवाखान्याची अपॉइंटमेंट असल्या स्क्रीनवर ते येतं त्याच्याशी. साधा हिशोब बघा. वाचायच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ असावा, असा वेबचा सर्वमान्य निकष आहे. मॅजेंटावर सायन अक्षरं टाकली की तो भरतो जेमतेम २.५. पांढऱ्यावर सायन? १.२५! म्हणजे असून नसल्यासारखंच.

तुम्ही म्हणाल, काळ्यावर तर सायन झकास दिसतो. दिसतो ना, आकडाही १६ च्या वर जातो. पण मग त्याला निऑनचा 'ग्लो' द्यायचा मोह होतो, आणि तिथे मराठीचे हाल सुरू होतात. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, थोडी पसरली तरी ओळखू येतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार, मात्रा यांची दाटी. तिथे प्रकाश पसरला की 'बंद'चा 'बद' आणि 'कर्ज'चा 'कज' होतो. १ आणि ९ मधला फरक तर चष्मेवाल्यांनी देवावरच सोडायचा. त्यातून ज्यांना अॅस्टिग्मॅटिझम आहे त्यांना काळ्यावरची चकचकीत अक्षरं मुळातच फुटलेली दिसतात. थकबाकीचा आकडा चुकीचा वाचला तर भुर्दंड कोणाला? डिझाइनरला नाही.

आता आमच्या संभाजीनगरात रात्री जालना रोडवर सिग्नलला थांबा आणि पुढच्या रिक्षाची पाठ बघा. भडक हिरवा, केशरी, पिवळा. हे आपलं अस्सल निऑन, रेडियमवाल्यानं कापलेलं! (नावालाच रेडियम, त्यात रेडियमचा कणही नसतो.) पण अक्षरं कशी असतात? जाड, मोकळी, भोवती गडद किनार. शब्द फार तर दोन-तीन. अंधारात, मागच्या गाडीच्या उजेडात, लांबून वाचता यावेत म्हणून. त्याच रंगात तो रिक्षाच्या इन्शुरन्सच्या अटी लिहीत बसत नाही. त्यानं डिझाइनचा कोर्स केलेला नाही, पण कुठला रंग कशाला हे त्याला कळतं.

मग अजिंठ्याचे गेरूचे रंग वापरायचे का, असं एक मित्र कुत्सितपणे विचारतो. नको रे बाबा! त्याचंही फॅड होईल आणि बिलाचा आकडा तपकिरीवर तपकिरी येईल. डार्क मोडनं बॅटरी वाचते हा दुसरा युक्तिवाद. ओएलईडी स्क्रीनवर वाचते, मान्य. पण त्यासाठी काळा पुरतो, वर गुलाबी धूर कशाला?

निऑन लावायचंच असेल तर एका बटणाला लावा, एखाद्या शीर्षकाला लावा. मजकूर साधा ठेवा. आणि रिलीजच्या आधी एसीतून उठून मे महिन्यात दुपारी दोन वाजता क्रांती चौकात उभं राहा, ब्राइटनेस निम्मा ठेवा, आणि आपल्याच ॲपवर बिल भरून दाखवा.