गाडी ‘कधी’ बंद पडते?

गाडीघोडा : सारथी

मारुती 800चं उत्पादन जानेवारी 2014मध्ये थांबलं. गाडी मात्र अजून बाजाराला जाते, लग्नाला जाते, आणि उतारवयात सिग्नलला बंद पडते. मग गॅरेजात ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. आधी प्लग बदलायचे, मग कॉइल, मग पंप. बिल वाढतं, झटके तसेच. माझ्या मते यात मेकॅनिकइतकाच मालकही दोषी आहे. ‘गाडी मिसिंग करते’ एवढंच सांगून तो चावी टेबलावर ठेवतो.

खरा प्रश्न ‘कधी’ हा आहे. उभ्या गाडीत बंद पडते, की खंबाटकीच्या चढाला दम टाकते? सकाळी थंड असताना, की इंजिन तापल्यावर? सिग्नलला आयडलिंगवरच बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडीतली काजळी, आयडल व्हॉल्व्ह किंवा चिरलेली व्हॅक्युम नळी आधी बघावी. आयडलिंग छान, पण चढाला किंवा वेगात जीव जात असेल, तर पेट्रोल पुरत नाही असं धरून फिल्टरकडे वळावं. पहिल्या पावसात सुरू झालेलं मिसिंग बहुधा प्लगच्या तडकलेल्या वायरींचं असतं. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, करंट गळत असेल तर निळ्या ठिणग्या दिसतात. हात मात्र लांब.

आता तो नेमका झटका. पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी उसळते. 800मध्ये एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शन, आलं 2000च्या सुमारास. त्याआधीची गाडी कार्बोरेटरची. तिची परीक्षा सोपी आहे. थंड इंजिन बंदच ठेवा, एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात डोकावून हाताने ॲक्सिलरेटरची तार ओढा. ओढताक्षणी पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. ती थेंबथेंब आली किंवा आलीच नाही, तर ॲक्सिलरेटर पंप गेला किंवा जेट तुंबला. साफसफाई आणि किट, एवढ्यात काम होतं. अख्खा कार्बोरेटर बदलायला सांगणाऱ्याला नमस्कार करावा.

एमपीएफआयमध्ये हाच झटका अनेकदा थ्रॉटल सेन्सरचा असतो. रोजच्या चालीत पाय जिथे टेकतो, तिथेच त्याची आतली पट्टी झिजते, म्हणून गाडी दर वेळी त्याच टप्प्यावर अडखळते. मीटर लावून हळूहळू रेस दिली की व्होल्टेज सलग चढायला हवं. मध्येच गचकलं तर चोर सापडला. स्कॅनरवर कोड नाही म्हणून दोष नाही, असं समजू नका.

शिवाय पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या टाकीतला गाळ त्याने सुटतो आणि फिल्टरमध्ये येऊन बसतो. त्यामुळे जुन्या गाडीत फिल्टरला मी कंपनीच्या तक्त्याइतकं आयुष्य देत नाही.

तेव्हा गॅरेजला जाण्याआधी आठवडाभर डॅशबोर्डवर एक कागद ठेवा. गाडी अडखळली की वेळ, वेग, इंजिन थंड की गरम, एसी चालू की बंद, एवढं टिपा आणि तोच कागद मेकॅनिकच्या हातात द्या. मात्र बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला किंवा नळी ओली दिसली, तर या चाचण्या-बिचाण्या काही नकोत. गाडी चालू करू नका, टो करून न्या.