काखेत कळसा

गेल्या वर्षी माझ्या मामांच्या कंबरदुखीने आमच्या घराची झोप उडवली. बारीक ताप येई, पाय जड पडत. एका रुग्णालयात एम. आर. आय. झाला. कंबरेचे दोन मणके झिजल्यासारखे दिसले. अहवालात 'क्षयाची शक्यता' असे शब्द आले आणि तेवढ्यावरच क्षयाची औषधे सुरू झाली. कंबर थांबली नाहीच, उलट महिन्याभरात पायाचा अंगठा असा सुजला की पांघरुणाचा स्पर्श सोसवेना.

दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवून आधी मामांचा अंगठा पाहिला, मग कानाची कड चाचपली. तिथे खडूसारख्या गाठी होत्या. "पूर्वी कधी अंगठा सुजला होता?" "दहा वर्षांत चार-पाच वेळा," मामा म्हणाले. हा प्रश्न त्यांना तोवर कोणी विचारलाच नव्हता!

हा गाउट, आयुर्वेदातले वातरक्त. रक्तात युरिक आम्ल डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू शकतात, क्वचित मणक्यांतही. क्षयावरचे पायराझिनामाइड तर हे आम्ल शरीरातच अडवून ठेवते. म्हणजे चुकीच्या निदानाने आगीत तेलच ओतले गेले.

मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. यंत्रांवर माझा राग नाही. पण यंत्राला काय दिसते हे समजून घ्यावे. एम. आर. आय.मध्ये सूज आणि झीज दिसते. ती क्षयाची, पुवाची, गाठीची की गाउटची, हे पुष्कळदा कळत नाही. दुहेरी ऊर्जेचा सी. टी. स्कॅन दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी चित्र घेतो. कॅल्शियम आणि युरेट ते किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, म्हणून संगणक युरेटला निराळा रंग देऊ शकतो. गाउटच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या तपासणीला स्थान मिळाले आहे. तरीही लहान साठे तिच्यातून निसटतात आणि कधी नसलेला रंगही दिसतो. खरी साक्ष सुईने काढलेल्या कणाची. ध्रुवीकृत प्रकाशात स्फटिक ओळखण्याची रीत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ साली दाखवून दिली. पण तो तुकडा नेहमीप्रमाणे फॉर्मॅलिनमध्ये टाकला, तर स्फटिक विरघळून जातात. तो अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे इथेही शंका आधी यावी लागते. मामांच्या बाबतीत ती आली, म्हणून स्फटिक सापडले.

आपल्या देशात क्षय पुष्कळ आहे. त्याची शंका येणे मुळीच गैर नाही. शंकेलाच निदान मानून विचारपूस थांबवणे गैर. मामा आता काठी घेऊन बाजारात जातात. आपल्या पदवीपूर्व वर्गांतून वैद्यकीकडे जाणाऱ्या मित्रांना एवढीच विनंती : मणक्याचे चित्र जरूर काढा, पण त्याआधी रोग्याची चप्पल काढायला सांगा.