करिअर? नळीवरचं लेबल!
इंटरनॅशनल ट्रेनिंग म्हटलं की आपल्याला आधी व्हिसा आठवतो. जैवविविधतेवर संशोधन करणाऱ्यांना मात्र तिथे लेबल लावायलाही शिकावं लागतं! हसू नका. वर्ध्याजवळच्या देवळीत कपाशीच्या रानातली चमचाभर माती घ्या, त्यात कोट्यवधी जिवाणू. त्यातला एखादा उद्या जैविक खताच्या कंपनीला हवा झाला, तर तो जिवंत, नावागावासकट सापडायला नको? पुण्यात एनसीएलचा संग्रह १९५१पासून असे सूक्ष्मजीव जपतोय. २००२च्या जैवविविधता कायद्यात स्थानिकांना लाभात वाटा द्यायची तरतूद आहे. पण नोंदीत ‘देवळी’च नसेल, तर वाटा मागायचा कुणी? मायक्रोबायोलॉजी करून बाइकवर औषधं विकत फिरणाऱ्या मित्रांना मी म्हणूनच सांगते, बॉस, हे ट्रेनिंग शोधा.