डोक्यातली यादी कागदावर

मैत्रिणींनो, रात्री अकरा वाजता ओटा पुसून झाला, दिवे मालवले, मुलं झोपली, की तुमच्या डोक्यात काय सुरू होतं?

हरभरे भिजत घातले का? उद्या डब्याला काय द्यायचं? धाकट्याला शाळेत चार्ट पेपर न्यायचा आहे, तो आणलाच नाही. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या परवापर्यंतच पुरतील. गॅसचा नंबर लावायचा राहिला. मोठीचं काहीतरी बिनसलंय, जेवताना गप्प होती. आणि दुपारी ऑफिसमधून आलेल्या त्या मेलला अजून उत्तर दिलेलं नाही.

अंग गादीवर टेकलेलं असतं, पण डोकं अजून ओट्यापाशीच उभं असतं.

आज बोलायचं आहे ते एका अगदी स्वस्त उपायाबद्दल. एक वही, एक पेन आणि पाच मिनिटं. याला हल्ली जर्नलिंग म्हणतात. इन्स्टाग्रामवर ते फार देखणं दिसतं. कोरीव अक्षर, रंगीत पेनं, शेजारी वाफाळती कॉफी आणि खिडकीतून येणारं ऊन. ते बघून आपल्याला वाटतं, 'हे काही आपलं काम नाही बाई!' बरोबरच आहे. कॉफी गरम असताना प्यायला मिळाली तरी पुष्कळ झालं. आपण बोलतोय ते लिहिणं याहून साधं आहे. डोक्यात कोंबून ठेवलेलं थोडं बाहेर काढायचं, एवढंच.

थकवा नेमका कशाचा?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे. आपल्या देशात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. म्हणजे पाच तासांना फक्त ११ मिनिटं कमी. असं काम करणारे पुरुष देतात ८८ मिनिटं. आणि ही सरासरी घरकाम करणाऱ्या पुरुषांचीच आहे. जे करतच नाहीत, ते यात धरलेलेही नाहीत.

हा झाला वेळेचा हिशेब. पण डबा भरता भरता उद्याच्या डब्याचा विचार करणं, कुणाची लस कधी, कुणाची फी कधी, कुणाला कशाची अॅलर्जी, हे सगळं लक्षात ठेवणं? या कामाला सुट्टी नसते आणि ते कुणाला दिसतही नाही. म्हणून 'दिवसभर काय केलंस?' या प्रश्नाला उत्तर देताना आपणच अडखळतो.

लक्षात ठेवण्याचं काम कागदाला दिलं, तर डोक्याला जरा विसावा मिळतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग याच गोष्टीचा आहे. त्यांनी ५७ निरोगी तरुण-तरुणींना झोपेच्या प्रयोगशाळेत बोलावलं. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, तर निम्म्यांनी झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. ही मंडळी तुमच्या-माझ्यासारखी रात्री तीनदा उठणारी नव्हती, हे खरं. पण करून बघायला खर्च काहीच नाही.

आपल्या आज्या हे जाणून होत्या

मन मोकळं करण्याची ही गरज काही आजची नाही. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवी गायची. माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकराचं कौतुक, पोटातलं दुःख, सगळं त्या ओव्यांत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. विचार करा, जिला घरात चार शब्द बोलायची मुभा नव्हती, ती जात्यापाशी मात्र बोलत होती. दळण तर व्हायचंच, आणि मनही हलकं व्हायचं.

आता जातं गेलं. मिक्सरच्या आवाजात गाणं सोडा, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. मग ते मनातलं जातं कुठे? बहुतेक वेळा ते मुलांवर ओरडण्यात बाहेर पडतं, आणि नंतर आपल्यालाच टोचत राहतं.

लिहायचं तरी काय?

तीन प्रकारचं लिहिणं सुचवते. तिन्ही एकदम सुरू करू नका. तुम्हाला आत्ता ज्याची गरज वाटते, तेवढंच घ्या.

पहिलं, रात्रीची यादी. झोपण्याआधी पाच मिनिटं. डोक्यात फिरणारं प्रत्येक काम एकेका ओळीत लिहायचं. 'शाळेचं बघायचं' असं मोघम नको. 'चार्ट पेपर, निळा, सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून' असं लिहा. नीट लिहिलं की मनाला खात्री पटते, हे आता हरवणार नाही.

दुसरं, रोजची एक ओळ. आज सगळ्यात जड काय गेलं आणि कधी, एवढंच. उदाहरणार्थ, 'सकाळी साडेसात. बूट सापडेना. खूप ओरडले.' किंवा, 'दुपारी चारला पोटात काही नव्हतं, तेव्हाच पाहुणे आले.' हलकं काय वाटलं, तेही लिहा. 'गच्चीवर कपडे काढताना दहा मिनिटं एकटी होते. बरं वाटलं.'

तिसरं, मनातलं. हे रोज नको. जेव्हा एखादी गोष्ट आतून कुरतडत असते, तेव्हा पंधरा मिनिटं सलग लिहायचं. काय घडलं आणि मला काय वाटलं, दोन्ही. शुद्धलेखन नाही, खाडाखोड नाही. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही कॉलेज विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगांबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. मात्र लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटलं होतं. नंतरच्या अनेक अभ्यासांतही फायदा दिसला, पण माफक. म्हणून यातून चमत्काराची अपेक्षा नको. आणि लिहून झाल्यावर रडू आलं, तर काही चुकलं असं समजू नका. फक्त असं लिहिणं मुलांना शाळेतून आणायच्या पाच मिनिटं आधी करू नका. नंतर चेहरा धुऊन शांतपणे चहा घेता येईल, अशी वेळ निवडा.

'पण...' म्हणालात ना?

वेळ नाही? सलग पाच मिनिटं नसतील, तर कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला वेळ चालेल. एक दिवस राहिलं तर राहिलं. वहीला हजेरी लावायची नाही. आपल्या आयुष्यात 'हे पण जमत नाही मला' असं वाटायला लावणाऱ्या गोष्टी आधीच पुरेशा आहेत. वही त्यांत नको.

कुणी वाचलं तर? ही भीती अगदी खरी आहे. एकत्र कुटुंबात वही उशीखाली ठेवून भागत नाही, आणि फोनचा पॅटर्न तर मुलांना आपल्याआधी पाठ असतो. मनातलं लिहिलेलं पान लिहून झाल्यावर फाडून टाका, बारीक तुकडे करून. फोनवर लिहायचं असेल तर वेगळा पासवर्ड लागणारी नोंदवही वापरा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे, पण जरा जपून. सासरच्या ग्रुपवर गेला तर पुढचे तीन महिने लिहायला विषय पुरतील!

लिहिता येत नाही? बंगालमधल्या राससुंदरी देवी एकोणिसाव्या शतकातल्या. बाईनं अक्षर शिकणं तेव्हा पाप मानलं जाई. बारा मुलांना जन्म दिलेल्या या बाईंनी पोथीचं एक पान स्वयंपाकघरात लपवून ठेवलं आणि चोरून अक्षरं ओळखायला शिकल्या. पुढे त्यांनी 'आमार जीबन' हे आत्मचरित्र लिहिलं. आपल्याला तर पुस्तक लिहायचं नाही, चार ओळी लिहायच्या आहेत. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून रेकॉर्ड करा. आणि भाषेची चिंता नको. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरूमध्ये वाढलेल्या आपल्यातल्या अनेकींचं मराठी हिंदी-कन्नड-इंग्रजीत मिसळलेलं असतं. मनात येतं तसंच उतरू द्या. राग ज्या भाषेत येतो, त्याच भाषेत तो लिहावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं

दोन आठवडे झाले की एका दुपारी वही उघडा आणि त्या रोजच्या ओळी एकदम वाचा. सोबत रात्रीच्या याद्याही. आता प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक अक्षर लिहा. 'मी', म्हणजे हे मलाच करायचं आहे. 'वा', म्हणजे हे वाटून घेता येईल. 'सो', म्हणजे हे सोडून दिलं तरी कुणाचं काही बिघडणार नाही.

मग दिसायला लागेल. चौदापैकी आठ दिवस ओरडणं सकाळी साडेसातलाच झालंय, आणि कारण आहे बूट, डायरी, पाण्याची बाटली. म्हणजे दप्तर रात्रीच भरायला हवं, आणि नऊ वर्षांच्या मुलाला ते स्वतः भरता येतं. 'वा'. आईंच्या गोळ्या संपत आल्या हे लक्षात ठेवणं त्यांच्या मुलालाही जमण्यासारखं आहे. 'वा'. डब्यात रोज नवा पदार्थ हवाच, असं नेमकं कुणी सांगितलं होतं? 'सो'.

हे का सांगते? कारण लिहिण्यात एक धोकाही आहे. लिहून मन हलकं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच ओझं पुन्हा मुकाट्यानं उचलायचं, असं होऊ शकतं. मग वही म्हणजे सोसण्याचं आणखी एक साधन होऊन बसते. तसं होऊ देऊ नका. वहीनं काम कमी होत नाही. पण आपल्याला काय मागायचं आहे, ते तिच्यातून स्पष्ट कळतं. 'तुम्ही कुणी मला मदतच करत नाही' या वाक्यावर घरात भांडण होतं. 'आईंची औषधं आणि गॅसचा नंबर आजपासून तुमच्याकडे, मी आठवणसुद्धा करणार नाही' या वाक्यावर निदान काम तरी ठरतं. आणि मग खरंच आठवण करायची नाही. दोनदा चुकेल. चुकू द्या.

वही पुरेशी नसते तेव्हा

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास आहे, कशातच रस वाटत नाही, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, अशी अवस्था असेल तर डॉक्टरांना भेटा. बाळंतपणानंतर हे अनेकींना होतं आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबू नका. त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत तिथं बोलता येतं. असा फोन करणं म्हणजे आई म्हणून कमी पडणं नव्हे. ताप उतरला नाही की आपण डॉक्टरकडे जातोच ना?

आणि हे वाचणाऱ्या बाबांनो, आजी-आजोबांनो, मोठ्या मुलांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. घरात आईची वही दिसली तर उघडू नका. 'काय लिहितेस गं एवढं?' असं विचारूही नका. ती लिहायला बसली की धाकट्याला खाली फिरवून आणा आणि दाराची बेल वाजली तर तुम्ही उठा. एवढं केलंत तरी तिच्या यादीतली एक ओळ कमी होईल.

मैत्रिणींनो, यासाठी नवी डायरी आणायला बाजारात जाऊ नका. ते आणखी एक काम होईल, आणि मग मुहूर्त लागायचा पुढच्या १ जानेवारीचा. कपाटात मुलांच्या मागच्या वर्षीच्या वह्या असतील. गणिताच्या वहीची मागची दहा-बारा पानं नक्की कोरी सापडतील. आज रात्री दिवा मालवण्याआधी त्यातलं एक पान घ्या आणि डोक्यात सगळ्यात जास्त आवाज करणारी गोष्ट आधी लिहा. बाकीच्या तिच्यामागून येतीलच.