मासे सोडण्याचं पुण्य

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, आम्ही घर बदलतोय. टाकीतले मासे गावच्या ओढ्यात सोडू का? बिचारे मोकळे तरी होतील." मी जरा जोरातच "नको!" म्हणालो. पोरगं गप्पच झालं. म्हणून हे सविस्तर लिहितोय... (भाचेबुवा, वाचताय ना?)

खरं सांगायचं तर हा उद्योग मीही केलाय. कॉलेजात असताना घरातले गप्पी त्याच ओढ्यात सोडले होते, आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो. ओढा पुढे नदीला मिळतो, हे डोक्यातही आलं नाही.

चिलापीचंच बघा. मूळची आफ्रिकेतली. स्वस्त आणि भरपूर मासा मिळावा म्हणून १९५२ साली भारतात आणली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण होते, घाण पाण्यातही तगते. नद्यांची गटारं आपणच केली, तो दोष चिलापीचा नाही. पण आधीच अडचणीतल्या घरी दांडगा पाहुणा मुक्कामाला यावा, तशी गत झाली.

"मग देशी मासे सोडा की!" असं कुणी म्हणेल. गंमत इथेच आहे. रोहू, कटला मूळचे गंगेकडचे, म्हणजे भीमेला तेही पाहुणेच. आणि आपला महसीर? साइक्सने १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. अगदी अस्सल पुणेकर! त्याची पिल्लं लोणावळ्याला वाढवून इतरत्र सोडली गेली, कावेरीतही. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा कुबड्या महसीर होता. धरणं, वाळूउपसा यांनी तो आधीच बेजार, त्यात आपला पुणेकर तिथे फोफावला. २०१८ मध्ये कुबड्याची नोंद जगाच्या लाल यादीत झाली, अगदी नष्ट होण्याच्या उंबरठ्यावरचा मासा म्हणून.

म्हणजे माशाचा देश नदीवरून ठरतो, आपल्या नकाशावरून नाही. एका नदीतला घरचा मासा दुसऱ्या नदीत परकाच. आणि एकदा सोडला की परत वेचून काढता येत नाही. म्हणूनच मला ही दया नको वाटते.

तेव्हा भाचेबुवा, टाकी माशांसकट एखाद्या मित्राला द्या, नाहीतर दुकानदार परत घेतो का विचारा. आणि आत्या, तुमच्या लहानपणी आपल्या ओढ्यात कुठले मासे मिळायचे? आठवतील ती नावं नक्की कळवा. निदान ती तरी लिहून ठेवू.