‘खंबीर बाई’ होण्याची सक्ती

स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बाईला सगळ्यात जास्त ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, ‘मन खंबीर ठेव, निम्मा आजार मनाचाच असतो.’ माझ्या शस्त्रक्रियेला सहा वर्षं झाली. सासरच्यांनी, शेजारणींनी आणि आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींनीही मला ते ऐकवलं. हेतू चांगलाच असतो. पण त्या वाक्याच्या पोटात एक आरोप दडलेला आहे : उद्या आजार उलटला, तर तूच कुठेतरी कमी पडलीस.

१९७९ साली ग्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की लढाऊ वृत्तीच्या रुग्ण बायका अधिक जगतात. अभ्यास लहान होता, कल्पना मात्र जगभर पसरली. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच नियतकालिकात ५७८ बायकांचा अभ्यास आला. लेखकांत ग्रीअरही होते. पराकोटीच्या हताशेचा परिणाम दिसला, पण लढाऊ वृत्तीने आयुष्य वाढल्याचं काही आढळलं नाही. हा दुसरा अभ्यास आपल्याला कुणी सांगत नाही. आमच्या सातजणींच्या गटातल्या दोघी आज नाहीत. त्या रडक्या होत्या म्हणून गेल्या, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

केमोत केस जातात. ‘परत येतील,’ म्हणून डॉक्टर मोकळे होतात, आणि ते येतातही. पण मराठी घरात बाईच्या बोडक्या डोक्याला इतिहास आहे. केशवपनाची रूढी गेली, ‘बोडकी’ ही शिवी राहिली. माझा नवरा धडधाकट घरात बसलेला, तरी त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं दोन घरांतून आलं नाही. (एरवीही मी त्या समारंभांची टीकाकारच. तरी लागलं.) डोक्याला रुमाल बांधत होते तो थंडी वाजते म्हणून नव्हे, घरच्यांना बघवत नव्हतं म्हणून.

अमेरिकेतली काळी कवयित्री ऑड्रे लॉर्ड हिने ‘द कॅन्सर जर्नल्स’ या १९८० च्या पुस्तकात असाच अनुभव लिहिला आहे. कृत्रिम स्तन न लावता ती तपासणीला गेली, तर तिथल्या परिचारिकेने सुनावलं की यामुळे इतरांचं मनोधैर्य खचतं. म्हणजे सावरायचं कुणासाठी, तर बघणाऱ्यांसाठी! अर्थात ब्लाउजात कापसाची पिशवी शिवून घेणारी बाई माझ्या लेखी कमी स्वाभिमानी नाही. लोकलच्या गर्दीतल्या नजरा तिला रोज झेलायच्या असतात. लावायचं की नाही, हे तिचं तिने ठरवावं.

आणि हात! काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, कधी कधी काही वर्षांनीसुद्धा. सुजल्या हाताने चादरी पिळवत नाहीत, हंडा उचलवत नाही. मग ते कोण करणार? समुपदेशनाच्या पुस्तकांत ‘आजाराशी जुळवून घेणं’ यावर प्रकरणं असतात, पण बाईचं जुळवून घेणं घरातली भांडी कोण घासतं यावर किती अवलंबून असतं, ते त्यांत क्वचितच सापडतं. लेकीचं लग्न जमेपर्यंत आजार लपवून ठेवणाऱ्या आयांबद्दल तर बोलायलाच नको. केमोची मळमळ दाबून पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा ठेवायच्या, याला मी खंबीरपणा म्हणणार नाही.

गटाचा उपयोग काय, असं विचारलं जातं. आजार शरीरभर पसरलेल्या बायकांच्या आधारगटांवरचा कॅनडातला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. गटात येऊन त्यांचं आयुष्य वाढलं नाही, पण ज्यांना आधी जास्त त्रास होता त्यांच्या मनाचा भार हलका झाला, वेदनाही कमी जाणवल्या. मला तेवढं पुरेसं वाटतं. आमच्याकडे कुणीही ‘मी वैतागले आहे, मला जगायचा कंटाळा आलाय’ असं म्हणू शकते आणि तिला लगेच कुणी प्राणायाम सुचवत नाही. केमोच्या दिवशी सोबत कोण जाणार, पोरांचा डबा कोण करणार, याची पाळी वहीत लिहिलेली असते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या आरोग्य शिबिरात स्तनांची तपासणी कशी करावी हे जरूर शिकवा, पण एक सत्र उपचारानंतरच्या वर्षांसाठी ठेवा. त्याला नवऱ्यांना आणि कळत्या मुलग्यांनाही बोलवा. चादरी पिळायला सोप्या आहेत.