जिवाणूंचे दप्तर आणि आपले रक्त



मागे एका वधू-वर परिचय मेळाव्यात आम्ही नोंदणीला बसलो होतो. विदर्भातून आलेल्या एका गृहस्थांना विचारले, "दादा, मुलीची सिकलसेल तपासणी झाली आहे का?" ते रागावले. "आमच्या मुलीत काय खोट आहे?" त्यांना दिलेले उत्तर आज सर्वांसाठी मांडतो.

आमची नोकरी कारकुनाची. म्हणून जिवाणूंचे दप्तर आम्हाला विशेष वाटले. विषाणू जिवाणूंवरही हल्ला करतात. त्यातून वाचलेला जिवाणू कधी कधी शत्रूच्या डीएनएचा लहानसा तुकडा आपल्या डीएनएत नोंदवून ठेवतो. ती नोंद पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळते. २००७ साली दुधाला विरजण लावणाऱ्या जिवाणूंवरील प्रयोगात हे सिद्ध झाले.

आपल्या आतड्यातील ई. कोलाय जिवाणूत ११ प्रथिनांचे एक पथक असते, त्याचे नाव कॅस्केड. नोंदीची नक्कल हाती घेऊन ते पहारा करते. आत शिरलेला डीएनए त्या नकलेशी जुळला, की कॅस-३ हे प्रथिन येऊन त्याचे तुकडे करते. काही जिवाणूंत कॅस-९ हे एकटेच प्रथिन ही कात्री चालवते. नक्कल बदलली की कात्री हव्या त्या ठिकाणी चालवता येते, हे २०१२ साली शार्पेंटिए आणि डाउडना या दोन शास्त्रज्ञ महिलांनी दाखवले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

आता आपल्या रक्ताकडे येऊ. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही हा आजार आहे. ही खोट नव्हे. वाहकाला घातक मलेरियापासून संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या मुलखात ही खूण पिढ्यानपिढ्या टिकली. मात्र दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

जिवाणूंच्या त्याच कात्रीवर आधारलेल्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर! आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आय.जी.आय.बी. संस्थेची 'बिरसा १०१' ही उपचारपद्धती जाहीर झाली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यात भागीदार आहे. ती गरिबाच्या दारी स्वस्तात यावी, यासाठी आपण आवाज उठवलाच पाहिजे. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे का? तपासणीला थोडेसे रक्त पुरते. लग्न ठरवण्याआधी ती करून घ्यावी.

सगळे ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "मग मुलाकडच्यांनाही विचारा."

त्यांचे म्हणणे रास्त होते. पुढच्या मेळाव्याच्या अर्जात रक्ततपासणीचा रकाना असेल, आणि तो मुलगा-मुलगी दोघांसाठी असेल. जिवाणूसारखा जीव आपल्या लेकरांसाठी नोंद ठेवतो. आपण तर शिकलेली माणसे आहोत.